पाव इंचाचे चार बोल्ट

कारखान्यात त्यांना सगळे कंडमसाहेब म्हणत, आणि हे नाव आपल्या कानावर आलं आहे हे त्यांनी एकतीस वर्षांत कुणाला कळू दिलं नाही. ते स्टोअरचे प्रमुख होते. वस्तू कामाची की भंगाराची हे ठरवायचं, आणि भंगाराची ठरली की तिच्या चिठ्ठीवर लाल पेनाने 'कंडम' असं लिहायचं, हे त्यांचं काम. लिहिताना अनुस्वार इतक्या जोरात टोचत की खालच्या दोन्ही प्रतींना भोक पडे. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, कारखाना बंद होऊन चार. लाल पेन अजून खिशाला होतं आणि राग अजून जागच्या जागी होता. फक्त त्याला पूर्वीसारखं नेमून दिलेलं काम उरलं नव्हतं, त्यामुळे तो दिवसभर घरात फिरत असे आणि मिळेल त्यावर बसत असे.

त्या मंगळवारी तो बायकोच्या ग्रिलवर बसला.

ग्रिल म्हणजे गॅसवर चालणारी, चार बर्नरची, चाकांवरची जुनी भट्टी. एका बंद पडलेल्या हॉटेलातून बायकोने ती स्वतः घासाघीस करून आणली होती, आणि गेली तीन वर्षं मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली तिच्यावर मासे, कोंबडी, कणसं, बटाटे भाजून ती आसपासच्या कचेऱ्यांना दुपारचे डबे देत होती. धंदा बरा चालला होता. झाकण मात्र दरिद्री होतं. गंजलेलं, मुठीला ढिलं आणि उघडताना असं किंचाळायचं की शेजारचं मांजर पळत जाई.

"शनिवारची ऑर्डर पार पडू द्या," बायकोने सोमवारीच बजावलं होतं. "शाळेचं जेवण आहे, साठ माणसांचं. त्यांना पसंत पडलं तर वर्षभराचं काम मला देणार आहेत. तोवर झाकणाला बोट लावायचं नाही. नंतर काय पूजा बांधायची ती बांधा."

मंगळवारी सकाळी ती बाजारात गेली आणि साडेनऊला झाकण उतरलं.

त्यांच्या बाजूने सांगायचं तर काम त्यांनी झकास केलं. तारेच्या ब्रशने गंज काढला, पॉलिश पेपर मारला, आगीपाशी टिकणारा काळा रंग दोन हात दिला. झाकण चारच बोल्टांवर होतं, दोन बिजागरीचे आणि दोन मुठीचे. ते इतके गंजले होते की हातोडीने ठोकून ठोकून फिरवावे लागले. निघाल्यावर कंडमसाहेबांनी ते ओळीने मांडले, पकडीत धरले आणि करवतीने एकेकाचे दोन तुकडे केले.

हा वेडेपणा नव्हता. तो त्यांच्या स्टोअरचा नियम होता. यंत्रातून काढलेला बोल्ट अख्खा ठेवला की कुणीतरी आळशी फिटर तो पुसून परत लावतो. एकदा असा परत लावलेला बोल्ट तुटला होता आणि एका माणसाची दोन बोटं त्याच्याबरोबर गेली होती. तेव्हापासून काढलेला बोल्ट तिथल्या तिथे कापायचा, आणि नवा हवा असेल तर ते तुकडे खिडकीवर आणून दाखवायचे. तुकडे नाहीत तर बोल्ट नाही. नियम कंडमसाहेबांनी केला होता, आणि नंतर कारखान्यात बोल्टापायी कुणाचं बोट गेलं नव्हतं. आठ तुकडे त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकले. अकरा वाजता कचऱ्याची गाडी आली आणि डबा रिकामा करून गेली.

सव्वाअकराला त्यांनी कपाटातली बरणी उघडली. घरात बरण्या तीस होत्या, सगळ्या मिलिमीटरच्या मापाने लावलेल्या. सहा मिलिमीटरचा, न गंजणाऱ्या स्टीलचा चकचकीत बोल्ट त्यांनी झाकणाच्या आतल्या नटात घातला. नट झाकणाच्या पत्र्यातच दाबून बसवलेले होते. बोल्ट अडीच आटे फिरला आणि अडकला. दुसरा घातला. अडीच आटे. तिसरा, चौथा. मग ते थांबले.

त्यांनी मेणबत्ती आणली, टोक जरा मऊ केलं, नटात दाबलं, निवू दिलं आणि फिरवत बाहेर काढलं. मेणावर आट्यांची नक्षी उमटली होती. पट्टीची आजवर कधी न वापरलेली इंचाची बाजू त्यांनी वर केली आणि आटे मोजले. पाव इंचात पाच. म्हणजे इंचाला वीस. म्हणजे बोल्ट पाव इंची होते, आणि या गावात इंच नावाची गोष्ट बावीस वर्षांपूर्वी संपली होती. संपवली होती. कुणी, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बायको दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. झाकण जमिनीवर पालथं पडलं होतं, आरशासारखं.

"सुंदर झालंय," ती म्हणाली. "आता लावा."

"बोल्ट मिळाले की लावतो."

"होते ते?"

"कापले."

तिने पिशव्या खाली ठेवल्या. ओरडली नाही. संसाराच्या अडतीस वर्षांत तिने ओरडण्याचं काम त्यांच्यावर सोपवलेलं होतं. "शनिवार सकाळपर्यंत," ती म्हणाली, "झाकण जागेवर पाहिजे. झाकणाशिवाय साठ माणसांचं भाजून होत नाही. नाहीतर मी शाळेत जाऊन सांगीन, आमच्याकडे फार हुशार माणूस आहे, म्हणून जेवण नाही."

बुधवारी ते मेणबत्तीचा तुकडा रुमालात गुंडाळून निघाले. पहिल्या दुकानात सगळं पाकिटात बंद होतं. पाकिटावर घर, पाना आणि हसणारा माणूस छापलेला.

"काका, नमुना आणलात?" काउंटरवरचा म्हणाला.

कंडमसाहेबांनी मेणबत्ती पुढे केली.

त्याने मेणबत्ती पाहिली, मग त्यांना पाहिलं. "बोल्ट आणा, काका. जुना बोल्ट. त्याला लावून बघतो, बसला की दिला."

"लावून बघतो? माप कळत नाही तुम्हाला? नुसतं लावून बघता? माणसाला बूट देताना पाय कापून आणायला सांगता का?"

"जुना बोल्ट आणलात तर बरं," काउंटरवरच्याने तेच वाक्य थोडं मोठ्याने म्हटलं, बहिऱ्याशी बोलतात तसं. आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती यामुळे, की तो अक्षर न् अक्षर त्यांचाच नियम बोलत होता.

दुसऱ्या दुकानदाराने ऐकून घेतलं. त्याला उपाय सुचत होते. "भोक मोठं करा आणि आठ मिलिमीटरचा आरपार घाला. मागून हा नट लावा, पक्का बसतो, आतून प्लॅस्टिकची कडी आहे."

"खाली आग आहे."

"मग जरा लांब लावा."

"झाकण आगीपासून लांब लावू? शेजारच्या घरावर लावू? आणि बिजागरीचं पान केवढं आहे माहितीय? भोक वाढवलं तर काठ फाटेल. शिवाय बिजागरीच्या बोल्टाची मान गुळगुळीत लागते, तिच्यावर झाकण फिरतं. आट्यांवर फिरवलंत तर महिन्यात घासून खलास."

"एवढं सगळं कळतं तुम्हाला," दुकानदार म्हणाला, अगदी साध्या कुतूहलाने, "तर जुने का टाकलेत?"

घरी येऊन त्यांनी ग्रिल बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाने अकरा मिनिटं वाट पाहायला लावून सांगितलं की ते मॉडेल बंद झालं, सुटे भाग येत नाहीत, नवी ग्रिल घेतल्यास जुनी नेण्याची सोय मात्र आहे. कंडमसाहेब त्या आवाजाला जे बोलले ते ऐकून बायकोने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

गुरुवारी तिसरं दुकान. बोळाच्या टोकाला, अंधारं, मालक दुकानाइतकाच जुना. त्याने मेणबत्ती उजेडात धरली आणि नख आट्यांवरून फिरवलं.

"पाव इंच. वीस."

कंडमसाहेबांना त्या माणसाचा हात हातात घ्यावासा वाटला. घेतला नाही.

"आहेत?"

"माझ्याकडे कुठले? इंचाचं काही लागलं तर आम्ही सगळे एका बाईकडून नेतो. तळ्यामागच्या तिसऱ्या गल्लीत, पहिला मजला. शिलाई मशीनं दुरुस्त करते. हवं तर विचारा, खारूताई म्हणतात तिला."

कंडमसाहेबांनी मेणबत्ती घेतली आणि बाहेर आले. खारूताई हे नाव तिला त्यांनीच ठेवलं होतं.

ती त्यांच्या हाताखाली बारा वर्षं कारकून होती. कारखाना इंचातून मिलिमीटरमध्ये गेला तेव्हा वरून हुकूम आला की इंचाचा सगळा माल काढा. कंडमसाहेबांनी तो महिनाभरात काढला. न वापरलेले, कागदात गुंडाळलेले बोल्ट वजनावर भंगारात गेले. ती तेव्हा म्हणाली होती, "साहेब, प्रत्येक मापाचा एक डबा ठेवू या. हुकूम निघाला म्हणून जुनी यंत्रं काही एका दिवसात मरत नाहीत." ते म्हणाले, नोंदीत नाही ते स्टोअरमध्ये नाही. आठ दिवसांनी तिच्या टेबलाखाली रजिस्टरांच्या मागे बिस्किटांचा एक डबा सापडला. आत पाव इंची बोल्ट. त्यांनी मेमो दिला. वरची जागा तिला मिळायची होती, ती मिळाली नाही. तिला कँटीनच्या कूपनांच्या खिडकीवर बसवलं आणि तिथेच ती निवृत्त झाली. पुढच्या वर्षी पत्रा दाबायची एक जुनी प्रेस इंचाच्या दोन बोल्टांवाचून तीन दिवस बंद राहिली. त्या तीन दिवसांबद्दल कंडमसाहेबांसमोर कुणी बोलत नसे.

संध्याकाळी ते घरात येरझारा घालत होते.

"चोरी आहे ही! भंगारात गेलेला माल घरी नेऊन विकते!"

बायको बटाटे धूत होती. "कोण?"

त्यांनी सांगितलं.

"हां," ती म्हणाली. "तिच्याकडे असतील. छान ठेवते सगळं."

"तू ओळखतेस तिला?"

"माझं मशीन अकरा वर्षं कोण नीट करतंय असं वाटतं तुम्हाला?"

"आणि तू मला बोलली नाहीस! कालपासून मी गावभर मेणबत्ती घेऊन हिंडतोय!"

"तिचं नाव काढलं की तुम्ही ताट बाजूला सारता. शनिवारच्या आत तुम्ही उपाशी राहिलेले मला परवडणार नव्हते." तिने बटाटे निथळत ठेवले. "आज गुरुवार. उद्या जा. नाहीतर मी जाते आणि सांगते, साहेबांना यायला तोंड नाही."

शुक्रवारी दहा वाजता ते तळ्यामागचा जिना चढले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांवर शिलाई मशीनं आडवी पडली होती, तेलाचा वास भरला होता, आणि एक पूर्ण भिंत डब्यांची होती. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला. खाली चिठ्ठी. अक्षर त्यांनी बारा वर्षं तपासलेलं होतं. त्यांनी नकळत चिठ्ठ्यांवर नजर फिरवली. चूक नव्हती. त्याचाही राग आला.

"या साहेब," ती म्हणाली. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. उठली नाही, मांडीवर मशीन होतं. "चपला राहू द्या पायात. खाली स्क्रू पडलेले असतात."

कूपन मागण्यापलीकडे बावीस वर्षांत तिच्याशी बोलायचं पहिलं वाक्य त्यांनी जिन्यातच घोटून ठेवलं होतं. "बाई, हा माल कारखान्याचा आहे."

"होता."

तिने खणातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. भंगारवाल्याची पावती. मिश्र भंगार, दोन पोती. "त्याचा टेम्पो निघाला तशी मी सायकलवरून त्याच्या मागे गेले. विकत घेतलाय सगळा. मागे गेटपासची प्रत जोडलीय. सही बघा कुणाची आहे."

सही त्यांची होती. चोरीचा मुद्दा निकालात निघाला, आणि तो एकच मुद्दा घेऊन ते आले होते.

"चार हवेत," ते शेवटी म्हणाले. "पाव इंच, वीस आटे. दोन मानेचे."

"कशाला?"

"ग्रिलच्या झाकणाला."

"वहिनींच्या? अगंबाई. उद्या तर त्यांची शाळेची ऑर्डर आहे." तिने मशीन बाजूला ठेवलं आणि खणातून एक वही काढली. कारखान्याच्या मागणीपत्रांची, तिरंगी प्रतींची. "ही पण रद्दीत आली होती. भरा."

"बाई, चेष्टा पुरे."

"मी कधी चेष्टा केल्याचं आठवतं तुम्हाला?"

त्यांनी भरलं. लाल पेनाने, कारण दुसरं नव्हतं. वस्तू, माप, संख्या, कारण. मग शेवटचा रकाना आला आणि पेन थांबलं. जुना माल परत केला काय?

"लिहा," ती म्हणाली.

"नाही केला."

"का?"

"कापून टाकला. तुकडे कचऱ्यात गेले."

"कुणी टाकले?"

"तुम्हाला माहितीय कुणी."

"मला माहीत असून काय उपयोग, साहेब? कागदाला माहीत पाहिजे."

हे वाक्यही त्यांचंच होतं. दिवसातून चार वेळा म्हणायचे. ते उठले, खुर्ची मागे पडली. "उद्या साठ माणसं जेवायला आहेत, बाई! माझ्या बायकोचं वर्षभराचं काम आहे त्याच्यावर! राग माझ्यावर काढा, तिच्यावर कशाला?"

"प्रेस बंद होती तेव्हा किती माणसं बसून होती?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"तीनशे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन बोल्टांसाठी. तुम्ही तिन्ही दिवस माझ्या खिडकीवर कूपन घ्यायला आलात. मी तिन्ही दिवस पर्समध्ये दोन बोल्ट घेऊन बसले होते. म्हटलं, आज विचारतील. तुम्ही म्हणालात, एक जेवण, एक चहा."

"सांगायचं नाही का मग!" ते ओरडले. "तोंड नव्हतं तुम्हाला?"

"मेमो कशाचा होता? नोंदीबाहेरचा माल जवळ ठेवल्याचा. माझ्याकडे आणखी आहे हो, असं सांगायला मी तुमच्या केबिनमध्ये येऊ?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होईना. कंडमसाहेबांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली, बसले, आणि बराच वेळ त्या गाडीचाच राग करत राहिले.

"मेमो आहे?" त्यांनी विचारलं.

अर्थातच होता. त्याच खणात, त्याच पिशवीत. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. वाचता वाचता कपाळावरची शीर फुगली.

"याला जावक क्रमांक नाही!"

"नाही."

"बिनजावक क्रमांकाचा मेमो? असा कागद बाहेर पडलाच कसा? हा वैधच नाही! कुठल्या गाढवाने दिला असा कागद?"

तिने खालच्या सहीवर बोट ठेवलं. 

त्यांनी मेमो टेबलावर सरळ केला. लाल पेन उघडलं आणि कागदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लिहिलं 'कंडम', खाली सही, तारीख. अनुस्वार असा टोचला की टेबलावरच्या वर्तमानपत्राला भोक पडलं. कागद तिच्याकडे ढकलला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, भोकातून एकदा खिडकीकडे पाहिलं आणि पिशवीत घालून खण लावला.

मग तिने स्टुलावर चढून वरचा डबा काढला. बिस्किटांचा. बोल्ट अजून तेलकट कागदात होते. एकेक उलगडून तिने त्यांच्या तळहातावर ठेवले.

"हे पाच आहेत," ते म्हणाले.

"एक जास्त असू द्या. पडतो, हरवतो."

"मागणी चारची आहे. पाच दिलेत तर नोंद जुळणार नाही."

"नाही जुळणार," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन मांडीवर घेतलं. "वहिनींना सांगा, मशीनचा पट्टा आलाय, येऊन घेऊन जा."

दुपारी झाकण बसलं. मानेचे बोल्ट बिजागरीत असे गेले जणू त्यांची वाट पाहत कुणी दार उघडं ठेवलं होतं. बायकोने एका बोटाने झाकण उचललं, सोडलं. आवाज नाही. मांजर पत्र्यावर बसून राहिलं.

"मिळाले म्हणायचे," ती म्हणाली.

"बावीस वर्षं झाली कागदात, तेल तसंच्या तसं," ते म्हणाले. "कुणी सांगितलं होतं एवढं नीट ठेवायला?" आणि हात धुवायला गेले.

शनिवारी साठ माणसं जेवली. वर्षभराचं काम मिळालं. आलेल्या चिठ्ठीत शाळेने 'भाजलेले' हा शब्द दोन वेळा चुकीचा लिहिला होता, तो कंडमसाहेबांनी लाल पेनाने दुरुस्त केला.

सोमवारी बायको कपडे धुवायला घेत होती. त्यांच्या शर्टाचा खिसा चाचपून तिने पाचवा बोल्ट बाहेर काढला आणि मोरीच्या दारातून विचारलं, "अहो, हा उरलेला दिसतोय. टाकू का?"

"हात लावू नकोस त्याला!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी खिडकी उघडून पाहिलं.